रशियन शिकतेय, पुढे नक्की काय करता येतं? बाबांना उत्तर द्यायचंय

मांद्रे_ते_पुणे

नमस्कार, इथं पहिल्यांदाच लिहितेय, जरा लांबेल तर सांभाळून घ्या.

मी मांद्रेची, पेडणे तालुका. म्हापशाला बीए केलं आणि गेल्या वर्षापासून पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला रशियन शिकतेय. सर्टिफिकेट झालं, आता डिप्लोमा चालू आहे, पुढे अ‍ॅडव्हान्स्ड डिप्लोमा आणि मग एमए असं डोक्यात आहे. आमच्या घराच्या मागे चार खोल्या आहेत, त्या बाबा सीझनला भाड्याने देतात, त्यामुळे रशियन माणसं मी लहानपणापासून घरातच बघितली. सहावीत होते तेव्हा एक आजी दोन महिने राहिली होती. तिला इंग्लिशचा एक शब्द येत नव्हता, आईला रशियनचा येत नव्हता, तरी दोघी रोज संध्याकाळी तुळशीजवळच्या पायरीवर बसून बोलत असायच्या. एकदा तिने आईकडे वाटी पुढे करून "साखर" म्हणून मागितलं आणि आई सगळ्या वाड्यावर सांगत सुटली की हिला मराठी येतं. रशियनमध्ये पण साखरेला साखरच म्हणतात, ख तेवढा घशातून, हे मला खूप वर्षांनी वर्गात कळलं. तिथून हे वेड लागलं ते लागलंच.

आणि भाषा मला खरंच आपली वाटते. वर्गातली हिंदीवाली मुलं नपुंसकलिंगाला अडतात, आपल्याकडे तो ती ते असतंच. "हे माझं घर", यात "आहे" लागत नाही, त्यांच्यात पण लागत नाही. भूतकाळात मुलगी बोलतेय की मुलगा ते क्रियापदावरूनच कळतं. नावात वडिलांचं नाव मधे. ज्या त्स उच्चाराला बाकीचे घाबरतात तो आपल्या चुलीतला आणि चाकातला च आहे, आपण तो जन्मापासून बोलतो.

पण आता खरा प्रश्न. दिवाळीला घरी गेले तर मामा म्हणाला जर्मन घे, रशियनला काही भविष्य नाही. मामाचं मी मनावर घेतलं नसतं, पण रात्री जेवताना बाबा अगदी शांतपणे म्हणाले, "मोरजीतली मेनूकार्डं लिहिण्यापलीकडे यात काय आहे ते मला एकदा नीट सांग, मी अडवणार नाही, फक्त सांग." आणि मला सांगता आलं नाही. तेव्हापासून झोप नाही.

म्हणून विचारतेय. गोव्यात सीझन सोडून रशियनवर बारा महिन्यांचं काम आहे का? सरकारी किंवा कंपनीतलं काही? रशियाला स्कॉलरशिपवर जाता येतं म्हणतात ते खरं का, आणि आत्ताच्या परिस्थितीत मुलीने जावं का? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी प्लीज लिहा.

पर्वरीचा_इंजिनियर

ताई, तुमचं भाषेवरचं प्रेम दिसतंय, पण मी मामांच्या बाजूने बोलणार. पुण्यात जर्मन कंपन्या डझनाने आहेत, जर्मनीत नर्स, मेकॅनिक, इंजिनियर सगळे घेतायत, बी१ बी२ या भाषेच्या पातळ्या झाल्या की मुलं जातात हे मी माझ्याच मित्रांत बघितलंय. रशियनचं तसं नाही. शिवाय आता फोनमध्ये बोललं की समोर भाषांतर येतं, हरमलला साधा नारळवाला पण फोन पुढे करतो आणि त्याचं काम होतं. आवड म्हणून ठेवा, पोट त्यावर ठेवू नका असं माझं स्पष्ट मत. राग मानू नका.

शापोराकाठ

बाय, मी तुझ्या वाटेवरून चालून गेलेली आहे म्हणून सविस्तर लिहिते. मी सतरा सीझन याच पट्ट्यात दुभाष्याचं काम केलं, मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल. आता सीझनचं कमी आणि घरी बसून लेखी भाषांतराचं जास्त करते.

आधी इंजिनियर दादांचा फोन. नारळाला फोन चालतो, कबूल. मी तुला एक रात्र सांगते. जानेवारी महिना, साडेअकरा वाजलेले, मांद्रेच्या एका दवाखान्यातून फोन आला की एक रशियन बाई मुलाला घेऊन आलीय, काय म्हणते काही कळत नाही, ये. मी गेले. चार वर्षांचा मुलगा, अंगभर हिरवे ठिपके. अगदी पानासारखे गडद हिरवे, कपाळावर, पोटावर, सगळीकडे. डॉक्टर तरुण होता, त्याने असं कधी बघितलं नव्हतं, त्याला वाटलं कसलीतरी विषबाधा. आईने फोनवर काहीतरी बोलून भाषांतर दाखवलेलं, त्यात "वारा" का असंच काही आलेलं. आणि ती सारखी "त्रीत्सत् देव्यत्" म्हणत होती, फोन त्याचं एकोणचाळीस दाखवत होता आणि नर्स म्हणत होती एकोणचाळीस काय, एकोणचाळीस काय.

एकोणचाळीस म्हणजे ताप. ते सेल्सियसमध्ये मोजतात, आपल्याकडे एकशे दोन म्हटल्याशिवाय कोणाच्या डोक्यात ताप येत नाही. आणि ते हिरवं म्हणजे झिल्योन्का, त्यांच्या प्रत्येक घरात असणारं हिरवं औषध, आपल्या जेन्शियन व्हायोलेटसारखं, जखमेला लावतात आणि कांजिण्यांच्या प्रत्येक फोडाला लावतात. मुलाला कांजिण्या होत्या. रशियनमध्ये कांजिण्यांना वित्र्यान्का म्हणतात आणि तो शब्द वारा म्हणजे व्येतिर वरून आलाय, म्हणून फोनने वारा दाखवला. आता खरं सांगते, मला पण त्या रात्री वित्र्यान्का शब्द माहीत नव्हता. डिप्लोमाला आम्हाला कोणी शिकवला नव्हता. मी त्या आईला म्हटलं की शब्द सोडा, काय होतं, कुठून सुरू झालं, शाळेत आणखी कोणाला झालं का ते सांगा, आणि तिने सांगितलं तसं कळत गेलं. मग औषधाची अ‍ॅलर्जी आहे का हे डॉक्टरने विचारलं, ते मी तिला दोनदा वेगवेगळ्या शब्दांत विचारलं, कारण ते एक उत्तर चुकलं असतं तर काय झालं असतं. फोन दोनदा विचारत नाही. समोरचा घाबरलाय हे त्याला दिसत नाही.

तेव्हा मेनूकार्डाला पण कमी लेखू नको. आश्वेच्या एका शॅकवर इंग्लिशमधल्या लेडीज फिंगरचं कोणीतरी शब्दशः रशियन केलेलं, दाम्स्किये पाल्चिकी. ती त्यांच्याकडे द्राक्षाची जात आहे. माणसं द्राक्षं समजून भेंडी फ्राय मागवायची आणि परत पाठवायची. भेंडीला ते बामिया म्हणतात. एवढा एक शब्द बदलला आणि मालकाने मला पूर्ण कार्ड दिलं, मग शेजारच्याने दिलं.

आता बाबांच्या प्रश्नाचं खरं उत्तर. सीझनवर आयुष्य काढू नको. ऑक्टोबरात सुरू, मार्च एप्रिलला संपलं, पाऊस लागला की तू रिकामी. आणि सीझन पण आपल्या हातात नसतो. २०१४ च्या डिसेंबरात रूबल कोसळला आणि त्या वर्षी चार्टर विमानंच कमी झाली, माझी ठरलेली निम्मी कामं गेली. २०२० ला कोविड. २०२२ ला युद्ध, आलेले लोक इथंच अडकले कारण त्यांची कार्डं चालेनात. तीनदा माझं सगळं बसलं. एका टूर कंपनीने तर माझे तीन महिन्यांचे पैसे बुडवले, कागदावर काहीच नव्हतं, फोनवर ठरलेलं. तेव्हापासून दोन ओळींचा का होईना मेसेज लिहून घेतल्याशिवाय मी पाऊल उचलत नाही, तू पण उचलू नको.

पण सीझन शाळा म्हणून सोन्यासारखा आहे. जगात कुठल्या विद्यार्थ्याला घराच्या मागच्या खोलीत रशियन बोलणारी माणसं मिळतात? आणि नुसते रशियाचे नाहीत, कझाकस्तानचे, उझबेकिस्तानचे, बेलारूसचे लोक येतात, ते सगळे आपापसात रशियन बोलतात, प्रत्येकाचा उच्चार वेगळा, कान तयार होतो. सुट्टीत घरी आलीस की बाबांच्या पाहुण्यांचे सी-फॉर्म, म्हणजे परदेशी पाहुण्यांच्या सरकारी नोंदीचे, तूच भर, चोवीस तासांत भरायचे असतात तुला माहीतच आहे. त्यांच्याशी पासपोर्टवरच्या नावापासून बोलणं सुरू कर. त्यांचे टेलिग्रामवरचे ग्रुप वाच, खोली, स्कूटर, दाई, मांजर हरवलं, सगळं तिथं असतं आणि पुस्तकात नसलेली भाषा असते. फार्मसीत जाऊन बस दोन दिवस. गाईड म्हणून पैसे घ्यायचे असतील तर आधी पर्यटन खात्याकडे नोंदणी कर, १९८२ च्या कायद्याप्रमाणे ती लागते, बिननोंदणी फिरवू नको.

हॉटेलात बारमाही नोकरी मिळते, गेस्ट रिलेशन्समध्ये, पण तिथं भाषेबरोबर त्यांची रीत माहीत असलेला माणूस लागतो. एका हॉटेलने वाढदिवसाला एका बाईच्या खोलीत चार गुलाब ठेवले आणि तिचा चेहरा उतरला. जोडसंख्येत फुलं ते फक्त मयताला नेतात. त्यांचा नाताळ ७ जानेवारीला असतो, तेव्हा २५ डिसेंबरला केक पाठवून ७ तारखेला काहीच न करणं म्हणजे आपल्याला चतुर्थीला कोणी न विचारण्यासारखं आहे. हे ज्याला माहीत असतं त्याला मॅनेजर सोडत नाही. अभ्यासातला संस्कृतीचा पेपर मुलं पाठ करून टाकतात, तू तो जीव लावून वाच.

सडा_वास्को

शापोराकाठ ताईंनी किनाऱ्याची बाजू लिहिली, मी वास्कोची लिहितो. ती फार कोणी बघत नाही.

मी विमानांच्या देखभालीत नोकरी केली, आता निवृत्त. मुली, गोव्यात रशियन म्हटलं की सगळे मोरजीकडे बघतात, पण दाबोळीला नौदलाच्या हंसा तळावर मिग-२९के विमानं आहेत ती रशियन. वास्कोच्या गोवा शिपयार्डमध्ये दोन फ्रिगेट, म्हणजे युद्धनौका, बांधल्या जातायत, त्रिपुट २३ जुलै २०२४ ला पाण्यात उतरली, नंतर मार्च २०२५ ला तवस्या, मूळ डिझाइन रशियन. त्याच कुळातल्या तुशील आणि तमाल या युद्धनौका आपल्या नौदलाने कालिनिनग्राडला ताब्यात घेतल्या, डिसेंबर २०२४ आणि जुलै २०२५ ला. पुढे नाशिकजवळ ओझरला एचएएल ही सरकारी कंपनी सुखोई विमानं बनवते. तमिळनाडूत कुडनकुलमची अणुभट्टी रशियन. ही यंत्रं तीस तीस, चाळीस चाळीस वर्षं वापरात राहतात आणि त्यांचे कागद त्यांच्याबरोबर राहतात. राजकारण बदललं तरी पंपाचं मॅन्युअल बदलत नाही.

आणि ते कागद वाचणारी माणसं कमी आहेत. भाषा येणारे पुष्कळ, यंत्र कळणारे पुष्कळ, दोन्ही कळणारा हाताच्या बोटांवर. एक उदाहरण देतो, आयुष्यभर लक्षात राहिलंय. रशियनमध्ये मास्ला म्हणजे लोणी, आणि मास्ला म्हणजेच तेल, इंजिन ऑइल पण. एक नवीन भाषांतरकार आलेला, चांगला शिकलेला, साहित्याचा, त्याने एका पानावर बेअरिंगला लोणी लावायला सांगितलं होतं. ते हसण्यावारी गेलं, कारण लोणी कोणी लावणार नाही. पण त्याच पानावर क्रान हा शब्द होता. क्रान म्हणजे नळाचा कॉक आणि क्रान म्हणजेच क्रेन. त्याने लिहिलं, काम सुरू करण्याआधी क्रेन बंद करा. आमच्या पोरांनी हँगरमधली क्रेन बंद केली आणि लाइनचा कॉक उघडाच राहिला. एका जुन्या माणसाला शंका आली म्हणून वेळेत थांबले. वाक्य व्याकरणाने अगदी बरोबर होतं.

म्हणून माझा सल्ला, एमए करताना जोडीला काहीतरी यंत्राचं शीक. आयटीआयची टेक्निकल ड्रॉइंगची पुस्तकं घे, पंप, व्हॉल्व्ह, गिअर म्हणजे काय ते मराठीत, इंग्लिशमध्ये, मग रशियनमध्ये बघ. दिल्लीला संरक्षण मंत्रालयाची स्कूल ऑफ फॉरेन लँग्वेजेस आहे, तिथं दुभाष्याचा कोर्स आहे, रशियन त्यांच्याकडे पहिल्यापासून महत्त्वाची. परराष्ट्र खात्यात, संरक्षणाच्या उपक्रमांत भाषांतरकाराच्या जागा निघतात, थोड्या निघतात, म्हणून जाहिरातींवर डोळा ठेवावा लागतो. मामांना म्हणावं जर्मन चांगलीच आहे, पण तिथं रांग पण मोठी आहे.

कझानहून

नमस्कार ताई. मी डिचोलीचा, कझानला एमए करतोय, रशियन सरकारच्या कोट्यावर आलो. स्कॉलरशिपचं मी सांगतो.

खरं आहे, मिळते, आणि ज्याला आधीच थोडी रशियन येते त्याला चांगला चान्स असतो कारण बहुतेक अर्ज मेडिकल आणि इंजिनियरिंगचे असतात. रशियन सरकारचं अधिकृत पोर्टल आहे, त्यावर स्वतः अर्ज करायचा, सहा युनिव्हर्सिट्या क्रमाने निवडता येतात. पहिली निवड भारतात रशियन हाऊस, म्हणजे त्यांचं सांस्कृतिक केंद्र, करतं, आपल्याला जवळचं मुंबईचं, पेडर रोडला. दुसरी निवड तिकडे होते. अर्ज साधारण पावसाळ्यानंतर सुरू होतात, थंडीत संपतात, तेव्हा मार्कशीट, तिचं रशियन भाषांतर, मेडिकल हे सगळं आधी तयार ठेवा, मी शेवटच्या आठवड्यात धावलो आणि फार त्रास झाला.

काय मिळतं ते स्पष्ट लिहितो कारण घरी चुकीचं सांगितलं जातं. शिक्षणाची फी पूर्ण माफ आणि दर महिन्याला छोटा स्टायपेंड. स्टायपेंडवर जगता येत नाही. विमानाचं तिकीट, विमा, हॉस्टेलचं भाडं, जेवण आपलं. भाषा कमी पडली तर पहिलं एक वर्ष तयारीचं, त्याला पदफाक म्हणतात, ते पण कोट्यातच असतं. मास्टर्स आणि पुढच्यासाठी ओपन डोर्स नावाची ऑनलाइन स्पर्धा असते, तीही फुकट, ती पण द्या.

आणि एक परीक्षा आत्ताच मनात ठेवा, टीआरकेआय, इंग्लिशमध्ये टॉर्फल, परदेशी लोकांसाठीची रशियन भाषेची परीक्षा. पाच भाग असतात, व्याकरण आणि शब्द, वाचन, ऐकणं, लिहिणं, बोलणं, प्रत्येकात ६६ टक्के लागतात, फार तर एकाच भागात थोडं कमी चालतं, एकात जास्त मिळवून दुसरा भरून काढता येत नाही. भाषेच्या मास्टर्सला मला बी२ विचारलेली. मी ऐकण्यात पहिल्यांदा पडलो. वर्गातल्या मॅडम हळू बोलतात, परीक्षेतला रेडिओ थांबत नाही. तुमच्याकडे घरातच पाहुणे आहेत, तुमचं ते होऊन जाईल.

आता मुलीने जावं का. माझ्या वर्गात भारतातल्या दोन मुली आहेत, नीट राहतात, हॉस्टेल बंदोबस्ताचं आहे, शहर देखणं आहे, मशीद आणि चर्च एकाच किल्ल्यात. उणे वीसमध्ये पण बस वेळेवर येते. पण लपवणार नाही, युद्ध चालू आहे. २१ डिसेंबर २०२४ ला इथल्या उंच इमारतींवर ड्रोन आदळले, मी तेव्हा हॉस्टेलमध्येच होतो, आईला तीन तास फोन लागला नाही. मोबाइल इंटरनेट अधूनमधून बंद असतं. मार्च २०२२ पासून आपली व्हिसा मास्टरकार्ड इथं चालत नाहीत, त्यामुळे पैशांची सोय निघण्याआधी करावी लागते. सीमेजवळची शहरं टाळा, आतली घ्या. आल्यावर सात दिवसांत नोंदणी करतात, हॉस्टेल करून देतं, तो कागद कायम जवळ ठेवा.

आणि हे हात जोडून सांगतो, एजंटाच्या मार्फत येऊ नका. कोणी "रशियात हेल्परची नोकरी, भाषा येते म्हणून जास्त पगार" असं म्हटलं तर तिथंच थांबा. अशा नोकऱ्यांच्या नावाखाली नेलेली आपली मुलं लढाईवर पाठवली गेली, २०२४ मध्ये सीबीआयने एजंटांवर कारवाई केली, परराष्ट्र मंत्रालय अजून सावध करतंय. भाषा शिकणाऱ्या मुलांना दुभाष्याचं काम म्हणून पण विचारतात. अर्ज स्वतः करा, पोर्टलवर करा, एक रुपया कोणाला देऊ नका.

जुनी_पुस्तकं

सगळे नोकरीचं बोललेत, मी वाचक म्हणून दोन शब्द लिहितो.

आमच्या पिढीने, म्हणजे साठीच्या आसपासच्यांनी, रशियन गोष्टी मराठीतून वाचल्या. प्रगती, रादुगा, मीर या मॉस्कोच्या प्रकाशनांची पुस्तकं फोंड्याला प्रदर्शनात यायची, गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं, किंमत इतकी कमी की वडील न कुरकुरता घेऊन द्यायचे. आस्वलाच्या घराचं चित्र मला अजून आठवतं, खिडकीत समोवार होता आणि समोवार म्हणजे काय ते कोणालाच सांगता येईना. मग सोव्हिएत संघ गेला आणि ती वाटच बंद झाली. गेल्या तीस वर्षांतलं रशियन साहित्य मराठीत जवळजवळ नाही, जे आहे त्यातलं पुष्कळ इंग्लिशवरून आलेलं. थेट रशियनवरून मराठीत आणणारी माणसं कुठं आहेत?

आणि उलट्या दिशेने पण. अण्णाभाऊ साठे १९६१ ला रशियाला गेले होते, त्यांचं लेखन रशियनमध्ये गेलं, २०२२ च्या सप्टेंबरात मॉस्कोच्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा बसला. पंधराव्या शतकात त्वेर गावचा व्यापारी निकितिन चौलला उतरला, जुन्नर, बिदर फिरला आणि दाभोळवरून परत गेला, वास्को द गामाच्या आधी. म्हणजे आपला आणि त्यांचा संबंध चार्टर विमानाने सुरू झालेला नाही. मुली, यात पैसा फार नाही हे मला माहीत आहे. पण नोकरी कुठलीही कर, रात्री एक पान थेट रशियनवरून मराठीत कर. तुझ्यासारखं पेडण्याचं मराठी आणि रानडेचं रशियन एका डोक्यात असलेली माणसं मला तरी दुसरी माहीत नाहीत.

पर्वरीचा_इंजिनियर

वास्कोच्या काकांचं क्रेनचं वाचून गप्प बसलो. मशीनवरचं काम माझंही आहे, असं एक पान चुकलं तर काय होतं ते मला कळतं. ताई, तुम्हाला पंप आणि व्हॉल्व्हची बेसिक माहिती हवी असेल तर माझी डिप्लोमाची मराठी इंग्लिश पुस्तकं पडून आहेत, पर्वरीत आहेत, घेऊन जा. पण एमए होईपर्यंत चार पाच वर्षं जातील, तोवर घरचं कसं भागवणार याचा पण विचार करा, हे माझं म्हणणं अजून आहे.

मांद्रे_ते_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. मी हे सगळं काल रात्री बाबांना फोनवर वाचून दाखवलं, एक तास लागला. आई मधे मधे "परत वाच" म्हणत होती, कांजिण्यांचं तर दोनदा वाचायला लावलं. बाबा लोणी आणि तेलाच्या गोष्टीवर थांबले, कारण ते स्वतः होडीचं इंजिन उघडतात. म्हणाले मला पंपाचे सगळे भाग दाखवता येतील, नावं तू तुझी घाल. इंजिनियर दादा, पुस्तकं हवीत, नक्की येईन.

आणि दादांचा चार पाच वर्षांचा मुद्दा खरा आहे, त्यावर मी पण विचार केला. डिप्लोमा सकाळचा आहे, दुपारी पुण्यात पार्टटाइम बघते. शापोराकाठ ताई, दोन गोष्टी विचारते. डिसेंबरला पंधरा दिवस सुट्टी आहे, तेव्हा तुमच्याबरोबर कुठं येता येईल का, पैसे नकोत. आणि कझानच्या दादाने बी२ म्हटलं, तर आत्ता डिप्लोमानंतर लगेच बी१ द्यावी की थांबून सरळ बी२?

शापोराकाठ

बी१ दे गो बाय, थांबू नको. एकदा त्या खुर्चीत बसल्याशिवाय ऐकण्याचा भाग कळत नाही, आणि हातात एक कागद असला की उन्हाळ्यात लेखी कामासाठी कोणाला विचारता येतं. परीक्षा भारतात होते, तारखांची चौकशी मुंबईला पेडर रोडवरच कर, कझानच्या पोराने सांगितलेल्या पत्त्यावर, जाशील तेव्हा कोट्याचं पण विचारून घे, एका फेरीत दोन कामं.

डिसेंबरला ये. पैसे नकोत म्हणू नको, पहिल्या दिवसापासून म्हणू नको, अर्ध्या दिवसाचे का होईना घ्यायचे आणि लिहून घ्यायचे. सकाळी आपण मांद्रेच्या फार्मसीत बसू, दुपारी एका हॉटेलची जानेवारीची पत्रकं करायची आहेत, ७ तारखेच्या नाताळाची, ती तू कर आणि मी तपासते. येताना एक वही आण, जाड घे, मधे रेघ मार, डावीकडे मराठी, उजवीकडे रशियन. पहिल्या पानावर काय लिहायचं ते तुला माहीतच आहे, कांजिण्या. खाली गोवर, गालगुंड, कावीळ, विंचू चावणे, जेलीफिश लागणे, टाके, सलाइन, आणि अ‍ॅलर्जी विचारायची दोन वेगवेगळी वाक्यं. येण्याआधी स्वतः शोधून भर, चुकलेलं आपण बसून बघू.

सडा_वास्को

वहीच्या शेवटून उलटं सुरू कर आणि तिकडे पंप, कॉक, क्रेन, तेल घाल. बाबांच्या होडीचं इंजिन उघडलं की फोटो काढून इथं टाक, एकेका भागाचं रशियन नाव मी लिहून देतो.